‘रेअर’, ‘परफेक्ट रनर’, ‘ओओ गेज’ : सेकंडहँड मॉडेल रेल्वेच्या ऑनलाईन जाहिराती आणि आपण

खंडाळा_बँकर

बरेच दिवस लिहायचं होतं, आज लिहूनच टाकतो. मोठं झालंय, पण वाचा.

मला मॉडेल रेल्वेचा नाद लागला तो कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममुळे. १९९८ ला ते सुरू झालं तेव्हा मी नववीत होतो, बाबांनी नेलं होतं आणि शो संपल्यावर मी तिथून हलायलाच तयार नव्हतो. नोकरी लागल्यावर हळूहळू जमवत जमवत आता घरात सहा बाय चारच्या प्लायवर छोटासा लेआऊट आहे, साधा दोन रुळी ट्रॅक, १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर, दोन इंजिनं, नऊ डबे. बास, एवढंच.

तीन महिन्यांपूर्वी एका ऑनलाईन विक्रीच्या ग्रुपवर जाहिरात दिसली. ‘हॉर्नबी डब्लो, डचेस ऑफ मॉन्ट्रोज, ओओ गेज, व्हेरी रेअर, परफेक्ट रनर, सगळ्या ओओ ट्रॅकवर चालेल.’ हॉर्नबी डब्लो हा जुन्या ब्रिटिश मॉडेल गाड्यांचा ब्रँड, ओओ म्हणजे गाडीचं माप. किंमत साडेअठरा हजार. फोटो चार, सगळे बाजूने काढलेले, हिरवं इंजिन, काय सुंदर दिसत होतं. मी दोन दिवस झोपलो नाही नीट. बायकोशी बोललो, ती म्हणाली वाढदिवसाचं समज आणि घे. यूपीआयने पूर्ण पैसे पाठवले.

पार्सल आलं, मुलीला बाजूला बसवलं, इंजिन रुळावर ठेवलं, नॉब फिरवला आणि कंट्रोलरचा लाल दिवा लागून सप्लाय बंद. परत केलं, परत बंद. दुसऱ्या कंट्रोलरवरही तेच. मग उलटं करून बघितलं तर पोटाखाली मधोमध स्प्रिंगवाली पितळी पट्टी, आणि चाकं सगळी आरपार धातूची, कुठे इन्सुलेशनच नाही. म्हणजे हे तीन रुळी इंजिन. एक बाजू मधल्या रुळातून घेतं आणि बाहेरचे दोन्ही रूळ मिळून दुसरी बाजू. माझ्या दोन रुळी ट्रॅकवर ते ठेवलं की दोन रूळ एक्सलने सरळ जोडले जातात. शॉर्ट होणारच. कधीच चालणार नव्हतं ते.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, “साहेब ओओ लिहिलं होतं, ओओच आहे, चालू म्हटलं होतं, चालू आहे, रिटर्न नाही.” आणि वाईट म्हणजे अर्धं खरं आहे त्याचं. टेबलावर एक वायर मधल्या पट्टीला आणि एक चाकाला लावली तर इंजिन मस्त फिरतं. पण ‘सगळ्या ओओ ट्रॅकवर चालेल’ हे सरळ खोटं होतं. मुलगी विचारत होती “बाबा का नाही चालत”, मला तिला सांगता येईना.

तर तुमचे अनुभव लिहा. नवीन माणसाने काय विचारावं, किंमत कशी ठरवावी, सगळं एका जागी राहू दे.

कसारा_लोकल

वाचून खरंच वाईट वाटलं रे. वाचनखूण साठवतोय, मीही याच महिन्यात पहिलं इंजिन घेणार होतो.

सांधेवाला

बँकर, तुमची चूक फार नाही. हा घोळ हॉर्नबीच्या इतिहासातूनच आलेला आहे आणि विकणारे त्याचाच फायदा घेतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डब्लो सुरू झालं १९३८ ला, लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचं, आणि पहिल्यापासून तीन रुळी. दोन रुळी डब्लो आलं १९५९ ला. म्हणजे वीसेक वर्षांचा बहुतेक सगळा माल तीन रुळी, आणि दोन्हींवर नाव ‘डब्लो’च. पुढे १९६४ ला ट्राय-अँगवाल्या लाइन्स ब्रदर्सने मेकॅनो विकत घेतली, १९६५ पासून खोक्यावर ‘ट्राय-अँग हॉर्नबी’, १९७१ ला लाइन्स ब्रदर्सच बुडाली आणि १९७२ पासून नाव ‘हॉर्नबी रेल्वेज’. त्यामुळे कुणी ‘१९४० ची अँटिक हॉर्नबी’ म्हणून विकायला आलं आणि खोक्यावर ट्राय-अँग हॉर्नबी छापलंय, तर तिथेच थांबा, ते १९६५ च्या आधीचं असूच शकत नाही. आणि खोकं ‘हॉर्नबी रेल्वेज’चं असेल तर १९७२ च्या आधीचं नाही. यासाठी कॅटलॉग लागत नाही, खोक्याचा फोटो मागितला की झालं.

पण खोक्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. डब्लोची नवी छापलेली खोकी मिळतात. ज्याचं मूळ खोकं फाटलंय त्याने इंजिन सांभाळायला तसं घेणं यात काही गैर नाही, पण ते ‘ओरिजिनल बॉक्स’ म्हणून लिहून दुप्पट भाव लावणं ही फसवणूकच.

मार्कलिन या जर्मन कंपनीचंही तसंच. एचओ (ओओसारखंच एक माप) म्हणून विकतात, माप एचओच असतं, पण त्यांची जुनी गाडी एसीवर चालते, करंट मधल्या खिळ्यांतून घेते, चाकांना इन्सुलेशन नाही. आपल्या डीसी दोन रुळी ट्रॅकवर शून्य उपयोग. उलटंही सांगून ठेवतो, मार्कलिनचा जुना एसी ट्रान्सफॉर्मर आपल्या डीसी इंजिनाला चुकूनही जोडू नका, दिशा बदलायला तो जवळजवळ २४ व्होल्टचा झटका देतो, मोटर जाईल.

एकच सवय लावून घ्या. पोटाचा फोटो मागा. इंजिन उलटं करून, उजेडात. ज्याला विकायचंय तो दोन मिनिटांत पाठवतो. जो ‘साईडचा बघा ना छान आहे’ म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका.

लेस्टरची_सुजाता

नमस्कार, मी इंग्लंडमधून. इथे रविवारच्या टॉय फेअरला नवऱ्याबरोबर टेबल लावते, त्यामुळे हे रोज बघते. बँकर, ज्या इंजिनाला तुम्ही साडेअठरा हजार दिले तसं बिनखोक्याचं तीन रुळी माँट्रोज आमच्या फेअरला साठ-सत्तर पौंडांत सहज मिळतं, आणि प्रत्येक फेअरला निदान दोन-तीन तरी असतातच. रेअर अजिबात नाही. जे इतक्या प्रमाणात बनलं की सत्तर वर्षांनी अजून टेबलाटेबलावर दिसतं त्याला दुर्मिळ कसं म्हणायचं?

किंमत बघायची तर लोक ‘मागितलेली’ किंमत बघतात तिथे फसतात. लिलावाच्या साईटवर ‘विकल्या गेलेल्या’ वस्तू वेगळ्या बघता येतात, तोच फिल्टर लावायचा. मी आत्ता बघितलं, एकाच इंजिनाच्या तीन जाहिराती १४०, १६५ आणि १९० पौंडाच्या आहेत आणि मला आठवतंय त्या उन्हाळ्यातही तिथेच होत्या. त्या किमतीला कुणी घेत नाहीये म्हणून तर त्या अजून आहेत. पण भारतातला विकणारा त्यांचा स्क्रीनशॉट काढून तुम्हाला दाखवतो की ‘बघा यूकेत १९० ला आहे’. तर त्याला विचारायचं, १९० ला आहे की १९० ला गेलं?

आता शब्द. ‘अनटेस्टेड’ लिहिलं असेल तर मी ते इंजिन बंदच आहे असं धरून भाव करते. सगळेच खोटं बोलतात असं नाही, पण ज्याच्या घरात ट्रॅक आणि बाकीचा सगळा पसारा आहे आणि तरी ‘टेस्ट करायला काही नव्हतं’ म्हणतो, ते मला पटत नाही. ‘नऊ व्होल्ट बॅटरीवर टेस्टेड’ म्हणजे फक्त मोटर फिरली, बाकी काही नाही. चाकांतून करंट नीट येतो का, डबे ओढेल का, उलट दिशेला जाईल का, हे कळत नाही. व्हिडिओ मागा, रुळावर, हळू वेगात, दोन्ही दिशांना, मागे निदान तीन डबे लावून. हवेत धरून फिरणारी चाकं दाखवलेला व्हिडिओ चालवून घेऊ नका.

आणि मॅझॅक, म्हणजे चासीचा (खालच्या सांगाड्याचा) धातू. हे नवीन लोकांना माहीतच नसतं आणि यातच सगळ्यात जास्त नुकसान होतं. चासी जस्ताच्या मिश्रधातूची ओतलेली असते, ओतताना त्यात शिशाची भेसळ राहिली तर ती काही वर्षांनी आतून फुगायला लागते, वाकते, भेगा पडतात आणि शेवटी बोटाने भुगा होतो. त्यावर उपाय नाही. युद्धाआधीच्या मालात हे दिसतंच पण २००० नंतर बनलेल्या काही इंजिनांतही झालंय, म्हणजे ‘नवीन आहे, खोक्यातून काढलंच नाही’ हे ऐकून निर्धास्त होऊ नका. कधीच न काढलेल्या खोक्यातही चासी फुटलेली मी स्वतः पाहिली आहे. टोकांचे जवळून फोटो मागा, बफरची पट्टी खाली झुकलीय का, बॉडी चासीवर नीट बसतेय का, पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेघा आहेत का.

नाशिकरोड

सुजाताताईंचं सगळं पटलं. माझा विषय आपल्या भारतीय डब्यांचा, जुन्या आयसीएफ आणि नव्या एलएचबी.

हल्ली ‘एचओ स्केल आयसीएफ कोच, निळा’ अशा खूप जाहिराती येतात, जुने, हाताने बनवलेले, एकेक अडीच-तीन हजाराला. मी चार घेतले. आले तर माझ्या बाकीच्या डब्यांपुढे बुटके दिसत होते. मग फूटपट्टी घेऊन बसलो. खरा आयसीएफ डबा २१.३४ मीटर लांब, एचओ म्हणजे १:८७, भागाकार केला की साडेचोवीस सेंटीमीटर यायला हवा. माझ्याकडे आलेला साडेअठरा. एलएचबी २३.५४ मीटरचा, तो २७ सेंटीमीटर यायला हवा. म्हणजे चाकं एचओच्या रुळावर बसतात म्हणून एचओ लिहिलं, वर डबा कुठल्याही मापाचा. हे खेळणं म्हणून विकलं असतं पाचशे रुपयाला तर मी आनंदाने घेतलं असतं, पुतण्याला दिलं असतं. पण स्केल मॉडेल म्हणून तीन हजार घेतले.

तेव्हापासून मी फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवायला सांगतो. रुळाचं अंतरही मोजायला सांगतो, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, साडेसोळा मिलीमीटर असेल तर ओओ किंवा एचओ, नऊ असेल तर एन. ओओ आणि एचओचा रूळ एकच, पण ओओ १:७६ चं असल्याने इंजिन थोराड दिसतं, ब्रिटिश ओओ इंजिनामागे एचओचे डबे लावले तर डोळ्याला खुपतं. ‘ओओ/एचओ’ असं तिरकी रेघ मारून लिहितात तिथे खोदून विचारा, नक्की कुठलं?

‘डीसीसी रेडी’चंही लिहितो, याच्यात माझा मित्र फसला. डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल, आणि रेडी म्हणजे आत फक्त सॉकेट आहे. डिकोडर, म्हणजे डिजिटल आज्ञा समजणारी चिप, वेगळा घ्यावा लागतो, त्याचे वेगळे पैसे. जाहिरातीत ‘डिजिटल’ लिहिलं म्हणून त्याने जास्त दिले आणि आत सॉकेटवर नुसती ब्लँकिंग प्लेट, म्हणजे डिकोडरच्या जागी बसवलेलं झाकण.

खंडाळा_बँकर

नाशिकरोड, साडेचोवीस सेंटीमीटर! हे मला कधी सुचलंच नसतं. आत्ता माझे नऊच्या नऊ मोजले, सात बरोबर आहेत.

घाटमाथा

खेकड्याबद्दल, म्हणजे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) च्या जुन्या विजेच्या ‘क्रोकोडाईल’ इंजिनाबद्दल, कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझे आजोबा लोणावळ्याला लोको शेडमध्ये होते, घाटात मालगाडी ओढणारा तो लांब नाकाचा खेकडा त्यांनी वर्षानुवर्षं बघितला, त्याचा आवाज आजोबा आम्हाला काढून दाखवायचे. त्यामुळे ‘जीआयपी क्रोकोडाईल, भारतीय रेल्वे, एचओ, एकमेव’ अशी जाहिरात दिसली तेव्हा मला काय वाटलं असेल समजून घ्या. मागत होते बावन्न हजार.

फोटो मोठा करून चाकं मोजली. आठ एक्सल. सहा मोठी आणि दोन्ही टोकांना एकेक लहान. आपल्या खेकड्याला, म्हणजे डब्ल्यूसीजी-१ ला, सहाच एक्सल, लहान चाकं नाहीतच. आठ एक्सलवाला तो स्वित्झर्लंडचा, गॉटहार्ड मार्गावरचा, तो १९१९ चा आणि आपला १९२८ चा. दोघांचं कुळ जवळचं, आपली पहिली दहा इंजिनं स्वित्झर्लंडलाच विंटरथूरला बनली, पण इंजिन वेगळं. कुणीतरी स्विस मॉडेलला रंग मारून बाजूला जीआयपी लिहिलं होतं आणि जाहिरातीत रंग बदलल्याचा एक शब्द नाही.

मला रंग बदलण्याचा राग नाही. भारतीय गाड्यांची मॉडेलं मिळतच नाहीत म्हणून आपण सगळेच काही ना काही रंगवतो. पण ‘स्विस मॉडेल, जीआयपीसारखं रंगवलेलं’ एवढं लिहायला काय जातं? ज्यांना खात्री करायची त्यांनी वरळीला नेहरू सायन्स सेंटरला जावं, खरा खेकडा उभा आहे तिथे, चाकं मोजून यावीत.

रूळमित्र_ठाणे

थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. मी अधूनमधून विकतो. किंमत जास्त असणं हा गुन्हा नाही. मी ३० हजार मागितले आणि तुम्हाला पटले नाहीत तर घेऊ नका. आणि भारतात हा माल महाग का आहे तेही बघा. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० ला वीस टक्क्यांवरून साठ झाली, २०२३ ला सत्तर. वर आयजीएसटी, कुरिअर. २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का लागतो त्यात पार्सलं अडकतात ते वेगळंच. बाहेरून साठ पौंडाचं इंजिन आणलं तर इथे दारात येईपर्यंत त्याचे किती झाले ते मला विचारा. सुजाताताईंच्या टेबलावरचा भाव इथे लागू होत नाही.

लेस्टरची_सुजाता

रूळमित्र, ड्युटीचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर, ते मी धरलं नव्हतं. तुम्ही खरंच बाहेरून आणलं असेल आणि पावती दाखवून सांगितलंत की मला एवढ्याला पडलं, तर मी स्वतः जास्त देईन.

पण जे इंजिन चाळीस वर्षं मुंबईतच एखाद्या कपाटात पडून होतं त्यावर कोणी ड्युटी भरली? त्याचा विकणाराही आजच्या ड्युटीचाच भाव लावतो.

सांधेवाला

मला वाटतं दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. महाग हा वाद आहे, तो चालूच राहील, ज्याला परवडतं तो घेईल. चुकीचं वर्णन हा वाद नाही. इंग्लंडात खाजगी माणसाने विकलं तरी वस्तू वर्णनाप्रमाणे असावीच लागते, आणि व्यापाऱ्याने ऑनलाईन विकली तर साधारणपणे चौदा दिवसांत मन बदललं म्हणूनही परत करता येते. आपल्याकडे अनोळखी माणसाला यूपीआय केलं की तुमच्या हातात फक्त त्याचा शब्द उरतो. म्हणून आपल्याकडे तर वर्णन जास्तच चोख पाहिजे. व्यवहाराआधी ‘हे दोन रुळी डीसीवर चालतं का, हो की नाही’ असं लेखी विचारा, चॅट ठेवा, आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

अनघा_कल्याण

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. धागा दोन दिवस वाचत होते आणि लिहू की नको असं चाललं होतं, कारण मी विकणाऱ्यांच्या बाजूला आहे.

माझे वडील मोटरमन होते, मागच्या वर्षी गेले. एक अख्खं लाकडी कपाट भरून गाड्या आहेत, काही चोरबाजारातून आणलेल्या, काही माझ्या काकांनी इंग्लंडहून पाठवलेल्या. मला यातलं काहीही कळत नाही. एक गृहस्थ घरी आले, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले सगळ्याचे मिळून अकरा हजार, आत्ता रोख. मी नाही म्हटलं तर चिडले. मग दुसऱ्या कुणी सांगितलं की प्रत्येकावर ‘रेअर व्हिंटेज’ लिही आणि पंधरा-पंधरा हजार लाव. मी तसं एकावर लिहिलंसुद्धा. हा धागा वाचून रात्रीच ती जाहिरात काढली.

बँकर, तुमच्या मुलीचं वाचलं तेव्हा रडू आलं मला. बाबा ह्या गाड्या आम्हा भावंडांना रविवारी चालवून दाखवायचे. त्या अशा खोटं बोलून जायला नकोत. पण मग लिहू काय? मला तर माहीतच नाही चालतात की नाही.

सांधेवाला

अनघाताई, बरं झालं लिहिलंत. ‘मला माहीत नाही’ हे लिहायला अजिबात लाजू नका. मी चाळीस वर्षं घेतोय, अशा जाहिरातीवर माझा सगळ्यात जास्त विश्वास बसतो, फक्त सोबत फोटो भरपूर हवेत म्हणजे बघणाऱ्याला कळतं.

काही पुसू नका, काही पॉलिश करू नका, तेल तर अजिबात घालू नका. एकेक गाडी वर्तमानपत्रावर ठेवा, शेजारी फूटपट्टी. बाजूने एक, वरून एक, उलटं करून एक, खोकं असेल तर त्याच्या टोकाचा एक. एवढंच टाका इथे.

अनघा_कल्याण

पहिलीचे टाकले आहेत. लाल इंजिन, मागे कोळशाचा डबा, लांबी तीस सेंटीमीटरच्या जरा आत. खोकं नाही. पोटाखाली बँकर म्हणाले तशीच पट्टी आहे.

खंडाळा_बँकर

हो, तीन रुळीच! ताई, पाठीमागे फोटोत जे पत्र्याचे ट्रॅक दिसतायत मधल्या रुळाचे, ते पण विकायचे आहेत का? किती तुकडे आहेत? मला एक गोल करण्याइतके हवेत, तुम्ही सांगाल तो भाव, आधी सांधेवाले काका काय म्हणतात ते ऐका आणि मगच सांगा. माझं माँट्रोज मी आता विकणार नाहीये.

अनघा_कल्याण

बावीस तुकडे आहेत, सोळा वाकडे, सहा सरळ. सांधेवाले काकांनी सांगितलं की विकू.

इंजिनाचं असं लिहिलंय, बघा बरोबर आहे का:

“हॉर्नबी डब्लो, लाल रंग, नाव डचेस ऑफ अथॉल. तीन रुळी, दोन रुळी ट्रॅकवर चालणार नाही, शॉर्ट होईल. डाव्या बाजूचा रंग दोन ठिकाणी उडाला आहे, फोटो क्रमांक तीन. खोकं नाही. वडिलांनी २०१५ च्या सुमारास शेवटचं चालवलं, त्यानंतर चालवून बघितलेलं नाही. कल्याणला घरी येऊन बघू शकता. आमच्या घरात हे चाळीस वर्षं आहे, वापरातलं.”

सांधेवाला

एकच सुधारणा. टेंडरचं (कोळशाच्या डब्याचं) मागचं कपलिंग बदललेलं दिसतंय, फोटो पाच बघा, मूळचं असं नसतं. तेवढी ओळ घाला आणि टाका. भाव उद्या फोनवर बोलू, बँकरच्या ट्रॅकचाही.